बातमीची पारख : नागरिकशास्त्राचा आवश्यक पाठ

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दिनांक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुले पळविणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारले. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या वास्तूत गावाचा कारभार विचारविनिमयाने चालावयाचा, तेथेच एका अफवेने पाच जीव घेतले. आजच्या विषयाचे गांभीर्य याहून वेगळे सांगावयास नको.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर बंधन घातले. यंत्राला असा लगाम घालता येतो. मनाला पारखण्याची सवय मात्र शिक्षणानेच लागते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१-क आले. विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधकबुद्धी जोपासणे हे त्यांपैकी एक. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही कर्तव्ये छापलेली असतात. ती मुलांना पाठ असतात. ती रोजच्या वापरात कशी आणावयाची, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी नवा विषय किंवा नवा तास नको. परिपाठात एखादा विद्यार्थी बातम्या वाचतोच. त्या वाचनानंतर चार प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? कधीचे व कोठले आहे? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? यातून काही गाळले आहे काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मुले पळविल्याची जी चित्रफीत २०१८ मध्ये देशभर फिरली, ती मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचाराची होती. मुलाला परत आणून सोडतात, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. एकाच घटनेचे वृत्त दोन वर्तमानपत्रांतून वाचून दाखविणे, बातमी आणि जाहिरात वेगळी ओळखावयास लावणे, हेही वरच्या वर्गांना सहज जमण्याजोगे आहे.

केरळातील कण्णूर जिल्ह्याने हे करून पाहिले आहे. गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे तेथे पालक लसीकरणास कचरू लागले. तेव्हा २०१८ मध्ये जिल्हा प्रशासनाने सुमारे १५० शासकीय शाळांत ‘सत्यमेव जयते’ या नावाने खोटी माहिती ओळखण्याचे पाठ सुरू केले. मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा होती.

येथे एक पथ्य पाळावे लागेल. कोणते मत धरावे, हे शिक्षकाने सांगू नये. मतस्वातंत्र्य संविधानाने दिलेलेच आहे. ते मत कशाच्या आधारावर उभे आहे, हे तपासावयास शिकविणे एवढेच शाळेचे काम.

पंचायत सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जेथे खरी माहिती वेळेवर मिळत नाही, तेथे अफवेला मोकळे रान मिळते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार, कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करणे हे कार्यालयांचे कर्तव्य आहे. गावातील पाणी, लसीकरण, शिधावाटप यांची खरी माहिती फलकावर तारखेसह लिहावी. एखादी वार्ता खरी की खोटी, हे विचारण्यास विद्यार्थी कार्यालयात आला, तर त्याला बसवून घ्यावे आणि कागद दाखवून उत्तर द्यावे. प्रश्न विचारला म्हणून त्याला दटावले, तर वर्गातला सारा पाठ वाया जाईल.

मुलाने शाळेत प्रश्न विचारावयास शिकावे आणि पंचायतीने त्याला उत्तर द्यावे. या दोन गोष्टी जुळल्या, तर बाजारात एखाद्या परक्या माणसावर हात उगारला जाण्यापूर्वी ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारणारा एक तरी आवाज गावात उठेल. तो आवाज घडविण्याचे काम आपणा सर्वांचे आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.