गोठ्याच्या पत्र्याचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज पाण्यावर बोलायचे आहे. पण धरणाच्या, कालव्याच्या किंवा उसाच्या पाण्यावर नाही. आपल्या गोठ्याच्या पत्र्यावर जे पाणी पडते आणि वळचणीखाली चिखल करून निघून जाते, त्या पाण्यावर बोलायचे आहे.

माण, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात शेतकरी दुष्काळात दोनदा बुडतो. पीक जाते तेव्हा एकदा आणि जनावर विकावे लागते तेव्हा दुसऱ्यांदा. पुढच्या पावसाळ्यात पेरणी करता येते. विकलेली दुभती गाय मात्र परत येत नाही. चैत्र-वैशाखात सगळ्यांचीच जनावरे एकदम बाजारात उतरतात आणि भाव व्यापारी सांगेल तो. २०१५ साली गोवंशहत्याबंदीचा कायदा आल्यापासून बैलाला गिऱ्हाईकही कमी झाले. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत आपली जनावरे महिनोन्महिने चारा छावण्यांत उभी राहिली. चारा एक वेळ लांबून गाडीत घालून आणता येतो. पाणी रोज लागते.

म्हणून आधी हिशेब मांडू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ३० फूट बाय २० फुटांचा गोठा म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. आपल्याकडे सर्वसाधारण वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर २८ हजार लिटर. गळती, उडालेले थेंब आणि सोडून दिलेले पहिले पाणी वजा केले तरी २४ हजार लिटर हाती राहते. दहा हजार लिटरचे जवळजवळ अडीच टँकर!

आता खर्चाची बाजू. उन्हाळ्यात दोन संकरित गाईंना रोज १४० लिटर, खिलार बैलजोडीला ८० लिटर, पाच शेळ्यांना ३० लिटर. एकूण २५० लिटर. २४ हजार लिटर पाणी ९६ दिवस पुरते. मार्चपासून मृगापर्यंतचे दिवस मोजा, जवळजवळ तेवढेच भरतील. आणि हे २५० लिटर आज आणते कोण? १५ लिटरच्या हंड्याने सोळा-सतरा खेपा. त्या बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावरून होतात आणि कोणत्याच हिशेबात धरल्या जात नाहीत.

पाऊस निम्माच पडला तर? तर पाणीही निम्मे, ४८ दिवसांचे. ही गोष्ट आम्ही लपवत नाही. म्हणून गोठ्याबरोबर राहत्या घराचेही छप्पर जोडा. तेवढेच मोठे छप्पर असेल, तर दुष्काळी वर्षातही ९६ दिवसांची सोय होते.

कोणी म्हणेल, शेततळे आहे की. शेततळे पिकासाठी चांगले. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्याचे रोज सात-आठ मिलीमीटर उडून जाते. तीन महिन्यांत दोन फूट. कोणी म्हणेल, टेंभूचे पाणी आले. जिथे आले तिथे आनंदच आहे. पण कालव्याला आवर्तन असते, गाईच्या तहानेला आवर्तन नसते.

कल्पना नवी नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात लेण्या-लेण्यांशी पावसाच्या पाण्याची टाकी खडकात खोदलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर राहणाऱ्यांनी नदीची वाट पाहिली नाही.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावा; प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरूनही होते. दर दहा फुटांना इंचभर उतार ठेवा. मोसमातला पहिला पाऊस धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येतो, तो टाकीत घेऊ नका. पुढेही बऱ्याच उघडिपीनंतर पाऊस आला, तर पहिले पिंपभर पाणी बाजूला काढा. तोंडाला बारीक जाळी लावा आणि टाकी पूर्ण झाकलेली ठेवा. उजेड गेला तर शेवाळ धरते, डास गेला तर डेंग्यू घरात येतो. टाकी जोत्यावर बांधा, म्हणजे मोटारीशिवाय पाणी हाळात उतरते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की होळीपर्यंत तोटी उघडायची नाही. आपला भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनात पडतो. त्या वेळी विहिरीला, ओढ्याला पाणी असते. जनावरांना ते पाजा. टाकीतले पाणी दिवाळीत वापरले, तर वैशाखात पुन्हा बाजाराचीच वाट.

टाकीला पैसा लागतो आणि तोच खरा अडसर आहे. २४ हजार लिटरची टाकी एकदम बांधणे दुधाच्या आजच्या भावात सगळ्यांना झेपणार नाही. मग पाच हजार लिटरपासून सुरुवात करा. एका गाईला रोज ७० लिटर धरले, तर तेवढ्यात तिचे ७१ दिवस निघतात. एक गाय विकायची वाचली, तर पुढची टाकी तिच्या दुधातून उभी राहील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने तीन आकडे लिहून आणावेत. छपराची लांबी-रुंदी, दावणीची जनावरे आणि गेल्या उन्हाळ्यात विकत घेतलेले टँकर. बायकांनी खेपांचा चौथा आकडा आणावा. गावोगावचे आकडे एकत्र मांडू आणि कोणत्या गावाने किती मापाच्या टाक्यांपासून सुरुवात करायची, ते तिथेच ठरवू.