पाणी अडविणारी चाळण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी तरी व्याख्याते आणावयाचे, ही आपली जुनी प्रथा. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि माझ्यासारख्या घरच्याच बाईला उभे केले. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. मागे फळा नसला की हात कोठे ठेवावेत ते अजून कळत नाही. तेवढे सांभाळून घ्या.

चिपळूणच्या पावसाचे वर्णन चिपळूणकरणींपुढे काय करावे! पण एक अनुभव आपणां सर्वांचाच आहे. रेनकोट चढवून बाजारात जावे आणि घरी येऊन तो काढावा, तर पातळ अंगाला चिकटलेले. पावसाने नव्हे, घामाने. रबर असो की प्लॅस्टिक, जे पाण्याला आत येऊ देत नाही ते घामाच्या वाफेलाही बाहेर सोडीत नाही. मग पाणी अडवील आणि वाफ सोडील अशी एखादी चाळण करता येणार नाही का? करता आली आहे, आणि तिची गोष्ट मी आज सांगणार आहे. मात्र हा विषय मी निवडला तो रेनकोटासाठी नव्हे. ते पुढे येईलच.

ही चाळण ज्या पदार्थाची होते तो चुकून हाती लागला. १९३८ च्या एप्रिलची ६ तारीख. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनज्ञ रेफ्रिजरेटरमध्ये लागणाऱ्या वायूंवर काम करीत होता. वायूने भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली, तर आतून काहीच येईना. आपण गॅसच्या सिलिंडरबाबत जे करतो तेच त्यांनी केले, वजन करून पाहिले. वजन तर भरलेल्याइतके! शेवटी नळकांडे करवतीने कापले, तेव्हा आत मेणचट पांढरी भुकटी निघाली. वायूच्या कणांनी आपसांत हात धरून लांबच लांब साखळ्या केल्या होत्या. हेच ते टेफ्लॉन. आम्लाने ते खात नाही, त्याला काही चिकटत नाही, पाणी त्याच्यावर अळवाच्या पानावरल्यासारखे गोळी होऊन पळते. पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या इंजिनियराने मासेमारीच्या सामानासाठी ते वापरून पाहिले, तेव्हा त्याची पत्नी कोलेट म्हणाली की हे माझ्या तव्याला लावून द्या. १९५६ मध्ये त्यांची तव्यांची कंपनी निघाली. आपल्या घरांतील न चिकटणारे तवे त्या बाईंच्या डोक्यातून आले, हे लक्षात असू द्यावे.

आता चाळणीकडे येते. बिल गोअर हे त्याच ड्यूपाँट कंपनीतले एक नोकरदार. वय पंचेचाळीस, पाच मुले, चांगला पगार. टेफ्लॉनचे वेष्टण असलेल्या विजेच्या तारा कराव्यात, असे त्यांच्या मनात होते, पण कंपनीला त्यात रस नव्हता. नवरा-बायकोनी विचार केला आणि १९५८ च्या १ जानेवारीस, लग्नाच्या वाढदिवशी, डेलावेअरमधील आपल्या घराच्या तळघरात स्वतःचा कारखाना काढला. त्या रात्रीचे जेवण झाल्यावर पत्नी जेनेव्हीव्ह म्हणाल्या, भांडी आवरू या आणि कामाला लागू या. एकदा त्या टेफ्लॉनची भुकटी चाळीत बसल्या असता डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यातून फोन आला. उत्पादनाचे व्यवस्थापक हवेत. ते बाहेर गेले आहेत. मग विक्री-व्यवस्थापक? तेही बाहेर. मग अध्यक्ष? तेही! ही कसली कंपनी, म्हणून पलीकडचा गृहस्थ भडकला. बाई तरी काय करणार? तिन्ही हुद्दे एकाच माणसाचे, आणि तो माणूस बाहेर गेलेला. पण ते गिऱ्हाईक टिकले आणि कारखानाही तगला.

त्यांचा मुलगा बॉब पुढे रासायनिक अभियांत्रिकी शिकून घरच्या कारखान्यात आला. टेफ्लॉन महाग, म्हणून ते ताणून लांबविता आले तर तेवढ्याच मालात जास्त काम होईल, असा त्याचा हिशेब. भट्टीत तापविलेल्या कांड्या तो हातमोजे घालून हळूहळू ओढी, आणि त्या तुटत. कितीही हलक्या हाताने ओढा, तुटतच. १९६९ च्या ऑक्टोबरात एके दिवशी वैतागून त्याने एक कांडी हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही! दोन्ही हात पसरले तेवढी लांब झाली आणि जाडी जवळजवळ होती तशीच राहिली. मग लांबी आली कोठून? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत क्रोशाचे विणकाम: बारीक बारीक गाठी आणि त्यांना जोडणारे त्याहून बारीक धागे. मध्ये सगळी भोके. त्या पदार्थाचा सुमारे सत्तर टक्के भाग नुसती हवा होता.

एका चौरस इंचात अशी सुमारे नऊ अब्ज भोके असतात, असे बनविणारे सांगतात. पाण्याचा थेंब त्या भोकापुढे राक्षसासारखा मोठा. शिवाय टेफ्लॉन पाण्याला जवळ करीत नाही, म्हणून तो थेंब आत शिरत नाही. वाफेचा कण मात्र सुटा आणि एकटा असतो, तो सहज निघून जातो. मोदकपात्रात चाळणीखालचे पाणी खालीच राहते आणि वाफ तेवढी मोदकांपर्यंत पोचते, ते आठवा. पण वाफ काही आपल्या मर्जीने जात नाही. आत दमट आणि बाहेर कोरडे असेल तर जाते. बर्फाच्या मुलखात हे कापड छान चालते. आपल्याकडे आषाढात बाहेरची हवाच ओलीचिंब, तेथे वाफ जाणार कोठे? तेव्हा एवढे पैसे खर्चून कोकणातल्या पावसासाठी हे जाकीट घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. आपली छत्री बरी.

एक गंमत सांगायची राहिली. न्यूझीलंडमधील जॉन क्रॉपर यांनी १९६६ मध्येच टेफ्लॉन ताणणारे यंत्र तयार केले होते. पण त्यांनी ती कृती गुप्त ठेवली. पुढे पेटंटाचा खटला उभा राहिला, तेव्हा १९८३ मध्ये अमेरिकन अपील न्यायालयाने ठरविले की, ज्याने विद्या झाकून ठेवली त्याच्यामुळे ती उघड करणाऱ्याचे पेटंट बाद होत नाही. आपल्यांतही गोड्या मसाल्याचे प्रमाण विचारले की हसून विषय बदलणाऱ्या आहेत. मी नावे घेत नाही.

१९७६ मध्ये या पडद्याचे पहिले तंबू विकले गेले, पाठोपाठ जाकिटे आली. आरंभी फजितीही झाली: अंगाचे तेल पडद्यात मुरून पाणी झिरपू लागले. मग आतून आणखी एक थर द्यावा लागला. आज आगीच्या बंबावरील जवानांच्या पोशाखात हा पडदा असतो. सिमेंटच्या कारखान्यांत धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांवरही तो चढवितात. धूळ कापडात न मुरता वरच बसते आणि झटकली की पडते.

आता मी हा विषय का घेतला ते सांगते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बिल गोअर कोलोराडोच्या बर्फात घसरण्याचा खेळ खेळायला गेले होते. खिशात या पदार्थाची एक बारीक नळी होती, ती त्यांनी सहज काढली. बरोबर बेन आइसमन नावाचे शल्यविशारद मित्र होते. याचा उपयोग काय, असे त्यांनी विचारले. माहीत नाही, असे उत्तर मिळाले. मग मला द्या, डुकराच्या रक्तवाहिनीच्या जागी लावून पाहतो! आणि ती लागू पडली. त्या भोकांत शरीराच्या पेशी शिरून नळीला धरून ठेवतात. जन्मतः निळसर पडणाऱ्या, हृदयदोष असलेल्या बाळांच्या छातीत आज अशाच नळीने रक्ताला वाट करून देतात.

आमच्या घरी ह्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. ह्यांच्या स्वतःच्या शिरा इतक्या नाजूक की त्यांची जोडणी टिकेना, म्हणून डाव्या दंडात ही नळी बसविली. परिचारिकेने मला शिकविले की रोज त्यावर बोटे ठेवून थरथर लागते का पाहावे. थरथर थांबली की रक्त गोठले समजावे आणि धावत यावे. चार वर्षे मी रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी तेथे हात ठेवला. एकदा खरोखर थरथर थांबली होती. पहाटे तीनला गाडी करून गेलो, नळी मोकळी झाली. ती चार वर्षे मला त्या हिसक्याने दिली, असे मी मानते.

म्हणूनच पुढचे बोलणे मला जड जाते. टेफ्लॉन बनविताना दीर्घकाळ एक साहाय्यक रसायन वापरले गेले. ते निसर्गात मोडत नाही, रक्तात साठून राहते. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळ एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या, त्यातून १९९९ मध्ये दावा उभा राहिला. त्यानंतर नेमलेल्या शास्त्रज्ञांनी त्या रसायनाचा ज्या रोगांशी संबंध जोडला त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगही आहे. ह्यांचा आजार तो नव्हता. तरी ते वाचताना मी वर्तमानपत्र खाली ठेवले. २०१७ मध्ये कंपन्यांनी सुमारे ६७ कोटी डॉलर देऊन हजारो दावे मिटविले, आणि २०१९ मध्ये ते रसायन आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदीच्या यादीत गेले. गोअर कंपनीनेही २०२२ पासून काही जाकिटांसाठी या कुळातला नसलेला पडदा काढला आहे.

आणि हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नका. इटलीत विचेन्झाजवळ याच कुळातील रसायने करणारा एक कारखाना होता. त्याने भूगर्भातले पाणी दूषित केले, २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, आणि २०२५ मध्ये तेथल्या न्यायालयाने त्याच्या अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्याची यंत्रसामग्री कोठे आली? आपल्या परशुराम घाटापलीकडे, लोटे येथे. तेथे काही वाईट घडले आहे, असे मी म्हणत नाही. पण पाण्याची तपासणी कोण करतो, कोणत्या रसायनांसाठी करतो आणि तिचे आकडे कोठे पाहायला मिळतात, हे विचारणारे एक पत्र मी लिहून आणले आहे. ह्यांच्या दंडातल्या नळीसाठी मी उद्याही हात जोडीन. नातवाच्या सहलीच्या जाकिटासाठी नाही. पत्र दाराजवळच्या टेबलावर आहे, वाचून पटले तरच सही करा.

नातवाचे ते जाकीटही बरोबर आणले आहे. त्याच्या बाहीत गरम चहाचा पेला ठेवून वर थंड काच धरली, तर थोड्या वेळाने काच धुरकट होते. आणि बाहीवर पाणी ओतले तर चहात थेंब पडत नाही. चहा आलेलाच आहे, तो निवायच्या आत पाहून घेऊ.