तूप किती, प्रथिनें किती ?



गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. पंगतीला पान मांडलें जातें. परंतु त्यावर भात नसतो, पोळी नसते, बटाट्याची भाजीहि नसते. "मीं कीटो आहार सुरू केला आहे," असें उत्तर मिळतें. या आहाराचा पुरस्कार करावा किंवा त्याचा निषेध करावा, असा आज माझा हेतु नाहीं. वैद्याच्या सल्ल्यानें ज्यांनीं हा मार्ग धरला आहे, त्यांच्या हातून आरंभींच जी चूक घडते, तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. ती चूक तोलाची आहे.

या आहाराचा जन्म लठ्ठपणा घालविण्यासाठीं झालेला नाहीं. उपवासानें अपस्माराचे झटके कमी होतात, हा अनुभव फार जुना आहे. परंतु लहान मुलाला उपाशी तरी किती दिवस ठेवणार ? १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनीं असें सुचविलें कीं, अन्न चालू ठेवूनहि उपवासाचा परिणाम साधतां येईल. पिष्टमय व गोड पदार्थ जवळजवळ वर्ज्य केले, म्हणजे यकृत स्निग्ध पदार्थांपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करतें आणि मेंदूहि त्यांवर आपला बराचसा निर्वाह करूं शकतो. आपल्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र या उपवासांत बसत नाहीं. ती तर निव्वळ पिष्टच!

त्याच संस्थेंतील डॉ. पीटरमन यांनीं पुढें या आहाराचें माप ठरविलें. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागें १ ग्रॅम प्रथिन, दिवसाकाठीं १० ते १५ ग्रॅम पिष्ट, आणि उरलेली सारी भूक स्निग्ध पदार्थांनीं भागवावयाची. या मापांतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. प्रथिन शरीराच्या वजनावरून आधीं निश्चित होतें, पिष्टाला मर्यादा पडते, आणि स्निग्धांश शेवटीं येतो. नवशिके नेमका हाच क्रम विसरतात.

पहिली चूक भीतीपोटीं होते. तूप-तेल वाईट, हें आपण वर्षानुवर्षें ऐकत आलों. त्यामुळें धान्य सोडणारा मनुष्य सवयीनें तूपहि सोडतो. मग पानांत उरतें काय ? अंड्याचा पांढरा बलक आणि चरबी काढून टाकलेलें मांस. याचा परिणाम काय होतो, हें एका साहसी प्रवाशानें स्वतःच्या देहावर पाहिलें आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत एस्किमो लोकांबरोबर राहिलेले स्टेफान्सन यांनीं १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखरेखीखालीं केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग केला. आरंभीं त्यांना चरबीविरहित मांस देण्यांत आलें. थोड्याच दिवसांत जुलाब व अस्वस्थता यांनीं ते हैराण झाले. चरबीयुक्त मांस सुरू होतांच प्रकृति सुधारली. मांस तेंच होतें. उणीव होती ती चरबीची. प्रथिनांतील नत्राचा निचरा करण्याची यकृताची शक्ति मर्यादित आहे. शिवाय प्रथिनांच्या कांहीं अंशाची शरीर साखर बनवितें. म्हणून त्यांचा अतिरेक झाल्यास कीटोनांचें प्रमाणहि घटतें.

दुसरी चूक हिच्या उलट आहे. कॉफींत लोणी, भाजीवर तुपाची धार, आणि प्रथिनांचें नांव नाहीं. चरबीचा सांठा शरीर करून ठेवतें. प्रथिनांची मात्र अशी वेगळी कोठी नाहीं. तीं अन्नांतून मिळालीं नाहींत, तर शरीर स्नायूंना हात घालतें. वजनाचा कांटा खालीं येतो, मनुष्य हर्षित होतो; परंतु गेलें तें मेद नसून बळ असतें.

आतां एक हिशेब पाहूं. एका प्रौढ व्यक्तीचें वजन ६० किलो आहे आणि तिला दिवसाला १६०० उष्मांक हवेत, असें समजा. प्रथिन ७० ग्रॅम धरलें, तर त्याचे २८० उष्मांक होतात. पिष्ट ३० ग्रॅम, त्याचे १२०. राहिले १२००. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमांत ९ उष्मांक असतात. म्हणजे सुमारें १३३ ग्रॅम स्निग्धांश लागेल. वजन उतरवावयाचें असेल, तर प्रथिन तेवढेंच ठेवून हा शेवटचा आंकडा कांहींसा कमी करावा. ती तूट अंगावरची चरबी भरून काढील. कात्री लावावयाची ती तुपाला, प्रथिनाला नव्हे.

स्वयंपाकघरांत हें कसें उतरवावें ? तीन अंडीं, १०० ग्रॅम पनीर आणि बांगड्याचे दोन-तीन तुकडे यांतून साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिन मिळतें. उरलेला स्निग्धांश तूप, खोबरें, शेंगदाणे व तेल यांतून पालेभाजीबरोबर पोटांत जावा. शाकाहारी मंडळींनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. डाळीला आपण प्रथिनांचें अन्न मानतों; परंतु १०० ग्रॅम तुरीच्या डाळींत प्रथिन सुमारें २२ ग्रॅम असतें, तर पिष्ट त्याच्या दुपटीहून अधिक. त्यांचा आधार पनीर व सोयाबीनचें पनीर हाच.

पहिल्या आठवड्यांत शरीरांतून पाणी व मीठ बरेंच निघून जातें. डोकें दुखतें, गळल्यासारखें वाटतें. अशा वेळीं, रक्तदाबाचा विकार नसेल तर, मीठ घातलेलें कढण घ्यावें. परंतु मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारे, मूत्रपिंड अथवा यकृताचे रोगी आणि गर्भवती स्त्रिया यांनीं हा प्रयोग आपल्या मनानें कधींहि करूं नये. औषधाची मात्रा तीच ठेवून पिष्ट तोडलें, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेतूं शकतें. अपस्माराच्या मुलांचा आहार तर तज्ज्ञांनींच तोलून द्यावयाचा असतो.

पूर्वीच्या गृहिणी पीठ मळतांना पाणी बेतानें घालीत. कणीक सैल झाली तरी पोळी बिघडते, घट्ट झाली तरी बिघडते. पोळी सोडणाऱ्यांनीं तिच्यामागची ही रीति तरी सोडूं नये. प्रथिन मापून घ्यावें, पिष्ट आंवरावें, आणि तूप गरजेपुरतें घ्यावें; भीतीनें टाळूं नये, कीं हौसेनें ओतूं नये.