गोळी बंद करण्याआधी
(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेले भाषण)



खानदेशातून आपण पोटासाठी सुरतेला आलो. बमरोलीतल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी लूमवर उभं राहिलेलं आहे. माझा थोरला भाऊ त्यातलाच.

त्याला स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण बोटं ताठरली, हात थरथरू लागले. तुटलेला धागा जोडता येईना. आम्ही म्हणालो, "आळस करतोय." त्याने गुपचूप गोळ्या सोडल्या आणि आजार पुन्हा उलटला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "हात थरथरतात हे मला का नाही सांगितलंत?" त्यांनी औषध बदललं. आज भाऊ कामावर जातो.

म्हणून माणूस "गोळी नको" म्हणाला, तर रागावू नका. आधी विचारा, "गोळीने तुला काय होतं?" आणि ते डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अंग ताठरू शकतं, काहींना एका जागी बसवत नाही. ओलान्झापिन, क्लोझापिनने भूक, वजन, साखर वाढू शकते. घरात मोदक असतील तेव्हा हे ध्यानात ठेवा. क्लोझापिन चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरल्याप्रमाणे तपासाव्याच लागतात. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब-उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठा. गोळीने झोप येत असेल, तर रातपाळीला मशीनजवळ उभं राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. खूप ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि हरपलेलं भान, असं एकत्र दिसलं तर क्षणभरही थांबू नका, दवाखान्यात न्या.

औषधाचे दुष्परिणाम विचारणं हा उद्धटपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे.

आपल्या धुळे जिल्ह्यातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात, कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. सातासमुद्रापार राहून ते बोलले, मग आपण शेजाऱ्यापासून का लपवावं?

कोणाशी बोलावं हे कळत नसेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन विनामूल्य आहे.

गणपती बाप्पा मोरया!