शिखर आणि माघार
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालघर येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी हिमालयावर बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. हिमशिखरांवर आमचे पाऊल पडलेले नाही. तथापि तेथे जाणाऱ्यांचे वर्तन आमच्या मुलांस उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

पालघर, बोईसर, तारापूर हा आपला प्रदेश समुद्रकाठचा. येथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच आठ हजार मीटरांवर मिळतो. म्हणून आरोहकास कित्येक आठवडे थोडे चढून, पुन्हा उतरून, शरीरास विरळ हवेची सवय लावावी लागते. या काळात कोणी दोर बांधतो, कोणी वरच्या छावणीत अन्न पोहोचवितो, कोणी बर्फात वाट पाडतो. पथक लहान असले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सर्वच कामे येतात आणि एकाची हयगय सर्वांच्या जिवावर बेतते. एवढे करून शिखरावर मात्र पुष्कळदा दोघेचौघेच पोहोचतात.

चार्ल्स इव्हान्स व टॉम बॉर्डिलन हे २६ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोहोचले. मुख्य शिखर सुमारे तीनशे फूट उरले होते. परंतु वेळ टळली होती व प्राणवायूच्या साधनांचा भरवसा नव्हता. दोघे परतले. तीन दिवसांनी तेनसिंग व हिलरी शिखरावर गेले आणि जगाने त्यांचा यथोचित जयजयकार केला. परंतु सुखरूप परतलेले हेच इव्हान्स दोन वर्षांनी ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगावरील मोहिमेचे नेते झाले! त्यांचे सहकारी ब्राऊन व बँड २५ मे १९५५ रोजी माथ्यापाशी पोहोचले आणि काही फूट खालीच थांबले. कारण सिक्कीमवासीयांस पवित्र असलेला तो माथा तुडविणार नाही, असे वचन दिले होते. महालक्ष्मीच्या डोंगरास माथा टेकविणाऱ्या आपल्या लोकांस हा संयम परका वाटू नये.

त्याच कांचनजंगावर महाराष्ट्रातून १९८८ साली वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मोहीम गेली. शिखर हाती आले नाही आणि संजय बोरोले हे सहकारी कायमचे अंतरले. तरीही महाराष्ट्राने हिमालयाकडे पाठ फिरविली नाही. १८ मे १९९८ रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. पुढे १५ मे २०१९ रोजी, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा आरोहक कांचनजंगाच्या शिखरावर गेले. एकतीस वर्षांपूर्वी आपल्या माणसांना हुलकावणी देणारे शिखर ते हेच.

कोणी वडीलधारे विचारतील, ‘पोटचे पोर अशा ठिकाणी का धाडावे?’ प्रश्न रास्त आहे. अशिक्षित धाडस आम्हांसही मान्य नाही. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ पासून व उत्तरकाशीची १९६५ पासून हे शास्त्र शिकवीत आहे. आणि त्या शास्त्राचा मोठा भाग केव्हा परतावे हाच आहे. तत्पूर्वीचा पहिला धडा आपल्या काळदुर्गावर व अशेरीवर गिरविता येईल.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना अशी, की विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी एका होतकरू मुलास वा मुलीस अशा संस्थेत प्राथमिक शिक्षणासाठी पाठवावे. पालकांसही एक विनंती आहे. आज येथे काहींच्या गळ्यात हार पडले. काहींचे गुण थोडक्यात हुकले. शिखर हुकलेल्या मुलास घराच्या उंबरठ्यावर ‘का परत आलास?’ असे कोणी विचारू नये. जो धडपणे परततो, तोच पुन्हा चढतो.

आमच्या बालकांस उदंड आयुष्य व बळ लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.