रॅम्प जोत्याआधी



अध्यक्षानं वास्तुविशारद-अभियंत्यांच्या व्यवसायाचा इतिहास सांगावा, सरकारला चार गोष्टी सुनवाव्यात आणि तरुणांना उपदेश करावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी इतिहास थोडाच घेणार आहे, उपदेश वगळणार आहे, आणि सुनवायचंच झालं तर आपल्या आपल्यातच सुनावणार आहे.

कार्यक्रमपत्रिकेत आज दोन परिसंवाद आहेत. सकाळी जागेची आखणी, दुपारी दिव्यांगांसाठी सुविधा. मधे जेवण. आपल्या कार्यालयांतही कामाची विभागणी साधारण अशीच असते. आधी साइट प्लॅन होतो, इमारत उभी राहते, आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला मागायची वेळ आली की रॅम्प कुठे बसवायचा याची शोधाशोध सुरू होते. माझं म्हणणं असं की हा विषय एकच आहे. चाकाची खुर्ची आत जाणार की नाही, हे रॅम्पच्या तपशिलावर अवलंबून नसतं. जोत्याची पातळी ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी त्याचा निकाल लागलेला असतो.

हिशोब करून बघू. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, हे आपल्याला पाठ आहे. जोतं ९०० मिलिमीटर घेतलं की नुसता चढच १०.८ मीटरचा होतो. ९ मीटरच्या पुढे सलग रॅम्प न्यायचा नाही, म्हणून मधे टेकायला सपाट जागा हवी. वर आणि खाली वळायला हवी ती वेगळीच. या तिन्ही ठिकाणी दीड-दीड मीटर धरलं तर १५.३ मीटर होतात. आता समोर सामासिक अंतर तीन मीटर सोडलेलं असेल, तर हा रॅम्प बसवायचा कुठे? मग तो १:५ नं उभा केला जातो, नकाशात १:१२ लिहिलं जातं, आणि आपण सगळे तिकडे बघायचं टाळतो. तेच जोतं ४५० वर आणलं तर चढ ५.४ मीटरचा. १५० वर आणलं तर १.८ मीटर पुरतो, आणि रॅम्प आहे हे येणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मग सोलापुरात जोतं आणि रॅम्प यांचं गणित का बिघडतं? पहिलं कारण काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ती इमारत हलवते म्हणून आपण पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतो, नाहीतर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल घेतो. इमारत उत्तम राहते. पण रॅम्पचा पाया कोणी नेतो का खाली? रॅम्प म्हणजे ठेकेदाराच्या लेखी किरकोळ काम. खोदाईतून निघालेलीच माती भरायची, वर काँक्रीट ओतायचं, फरशी लावायची. दोन पावसाळे गेले की इमारत जागेवर आणि रॅम्प खाली. शहरातल्या एका दवाखान्यात मी हे जवळून पाहिलं. रॅम्पचं वरचं टोक आणि दाराची फरशी यांच्यात जेमतेम दोन बोटांची पायरी तयार झाली होती. स्ट्रेचर आलं की वॉर्डबॉय पुढची चाकं उचलून आत घ्यायचा, पेशंट कळवळायचा. स्वतः चाकं फिरवत येणारा माणूस तर तिथेच अडकणार; त्याला दोन बोटं काय आणि दोन हात काय. रॅम्प १:१२ चाच होता, कठडा होता, निळी पाटीसुद्धा होती. फक्त रॅम्पखालची माती काळी होती. काळी माती काढून मुरुम भरून नीट ठोकला असता, किंवा रॅम्पचा स्लॅब इमारतीच्या बीमवरच टेकवला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरं कारण रस्ता. जुना थर न खरवडता नवा डांबराचा थर चढवायची आपली पद्धत आहे. दर काही वर्षांनी रस्ता वर येतो, जुनी घरं खाली जातात आणि पावसाचं पाणी ओसरीत शिरतं. ते बघून शेजारचा नवा मालक जोतं आणखी वर घेतो. त्याला दोष देता येणार नाही. १४ ऑक्टोबर २०२०च्या पावसानं या जिल्ह्यात काय केलं, ते त्याच्या डोळ्यांसमोर असतं. पण पाण्याला उत्तर म्हणून नुसती उंची घेत गेलो, तर दारं एकेक करून म्हाताऱ्या माणसांना बंद होत जातात. पाण्याची वाट साइट प्लॅनमध्ये काढायची असते. प्लॉटचा नैसर्गिक उतार कुठून कुठे आहे, शेजारच्या नाल्याचा तळ कोणत्या पातळीवर आहे, प्रवेश उंच बाजूनं घेता येतो का, या प्रश्नांची उत्तरं पहिल्या भेटीतच, डम्पी लेव्हल लावून मिळतात. प्लॉटमध्ये पूर्व-पश्चिम ६०० मिलिमीटरचा फरक असेल आणि दार उंच बाजूला ठेवलं, तर रॅम्पची गरजच उरत नाही. १:२० चा साधा पाऊलरस्ता पुरतो. पण दार ठरतं ते कशावर? रस्त्यावरून इमारत कशी दिसेल यावर, आणि आता वास्तुशास्त्रवाल्यांवर. त्यांच्याशी भांडण काढायला आज वेळ नाही.

आपल्याला रॅम्प येत नाही असंही नाही. गल्लीबोळांतून जरा फिरून या. घरटी एक रॅम्प आहे, गटारीवरून थेट उंबऱ्यापर्यंत, १:३ चा. तो मोटारसायकलसाठी. गाडी रात्री आत आली पाहिजे याबद्दल घरात एकमत असतं. आजी मात्र त्याच उतारावरून भिंतीला धरून, तिरकी तिरकी उतरते.

आता उन्हाबद्दल. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दहा-अकरा तारखेला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे उन्हाळा ऐन भरात असताना भिंतीची सावली नाहीशी होते. पुस्तकातून आपण शिकलो की दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंती सांभाळा. ते खरंच आहे, पण पायी किंवा चाकावर येणाऱ्या माणसाला त्या दुपारी भिंत काहीही देत नाही. त्याला वरून छप्पर लागतं, नाहीतर कडुनिंब. रॅम्प चालायच्या वाटेपेक्षा लांब असतो आणि हळू चढावा लागतो. पायऱ्यांवरून जाणारा दहा सेकंदांत आत पोचतो. रॅम्पवरचा माणूस त्याच्या कितीतरी पट वेळ उन्हात असतो. आणि त्याच्या हाताशी आपण काय दिलेलं असतं? स्टेनलेस स्टीलचा चकचकीत कठडा. दुपारी दोन वाजता त्याला हात लावून बघा. मग सांगा, तो धरायचा कठडा आहे की तवा. लाकडी पकड द्या, प्लॅस्टिकचं आवरण द्या, नाहीतर रॅम्पच पूर्वेला घ्या. फरशीचंही तेच. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पहिल्या पावसात निसरडा होतो, आणि खडबडीत शहाबादी तर आपल्याला शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून मिळते.

सावलीतल्या वाटेचा विचार आपल्या व्यवसायात नवा नाही. अच्युत कानविंदे मूळ कोकणातल्या आचऱ्याचे. त्यांनी एच. जेम्स मिलर यांच्याबरोबर १९६९ मध्ये भारतातल्या शैक्षणिक परिसरांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी गाड्या कडेला ठेवल्या आणि मधला भाग चालणाऱ्यांना देऊन इमारती एकमेकींना झाकलेल्या वाटांनी जोडल्या. केव्हिन लिंचचं साइट प्लॅनिंगचं पुस्तक १९६२चं, इयान मॅकहार्गचं निसर्गाबरोबर रचना करण्याचं १९६९चं. आपण ती परीक्षेपुरती वाचली आणि नंतर चटईक्षेत्र निर्देशांकात बुडून गेलो.

डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी आपण पिवळ्या उठावाच्या फरश्या लावू लागलो, हे चांगलं झालं. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. त्यात एक भाषा आहे: लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे त्या सजावटीच्या पट्ट्यासारख्या लागतात. रेघा सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळतात. ठिपके असतात तिथे थांबण्यासारखं काही नसतं.

पाट्यांबाबत सोलापूरची एक वेगळी गंमत आहे. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एका गल्लीत नांदतात. पूर्व भागातली पद्मशाली आजी तेलुगू बोलते, कदाचित कोणतीच लिपी वाचत नाही. तिला दवाखान्यात एक्स-रेची खोली सापडायची असेल तर अक्षरांपेक्षा चित्र आणि जमिनीवरचा रंगीत पट्टा उपयोगी. तो पट्टा मग ऐकू न येणाऱ्यालाही उपयोगी, आणि अक्षरं येणाऱ्या पण घाबरलेल्या माणसालाही.

याच आजीमुळे मला कुंभारीचं रे नगर आठवतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा हा प्रकल्प. माजी आमदार नरसय्या आडम यांनी लावून धरलेला. त्यातल्या १५,००० घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर काम केलेल्या माणसांची घरं आहेत ही. विडी कामगार बाई वर्षानुवर्षं जमिनीवर मांडी घालून सूप पुढ्यात घेऊन बसते. साठीला तिचे गुडघे कोणत्या अवस्थेत असतील, हे तिला विचारायला नको. म्हणून अशा वसाहतीत तळमजला कोणाला मिळतो, हा वाटपाचा कारकुनी प्रश्न नाही, तो रचनेचाच आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना तळमजला किंवा खालचे मजले द्यायला प्राधान्य सांगितलंय. पण आपण आराखडा काढताना तळमजल्याच्या त्या घरातल्या संडासाचं दार ९०० मिलिमीटर ठेवलं का? ते बाहेर उघडतं का? बस थांबा तिथून पायी किती आणि मधे बसायला कट्टा आहे का? कागदावर दिलेला तळमजला या प्रश्नांशिवाय अर्धाच राहतो. हे मी एका वसाहतीबद्दल बोलत नाही. यापुढे जी जी होईल, तिच्याबद्दल बोलतोय.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांगांच्या हक्कांचा १९९५चा कायदा होता, २०१६चा आला. त्याचं ४४वं कलम स्पष्ट आहे: मानकं पाळली नसतील तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखला नाही. त्याखालचे नियम मात्र मानकांना शिफारशीसारखं वागवत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं करायला सरकारला तीन महिने दिले. आपल्या राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. तेव्हा क्लायंट ऐकत नाही, ही सबब आता संपली.

इमारतीत कोणाला शिरता येतं हा प्रश्न या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्या मंदिराची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात तिथे उपोषण केलं. तिथल्या नामदेव पायरीला आपण वाकून नमस्कार करतो, त्याचं कारण वेगळं आहे. बँक, पोस्ट आणि तहसील कचेरीसमोरच्या पायऱ्यांना मात्र असा कोणताही मान मिळालेला नाही, तरी आपण त्या भक्तिभावानं बांधतो.

आता एक ठराव मांडतो. परवानगीसाठी येणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या नकाशासोबत एक सलग उभा छेद जोडावा. तो रस्त्याच्या मध्यापासून सुरू व्हावा, गटार, सामासिक अंतर, जोतं, दार, व्हरांडा असा जात दिव्यांगांच्या संडासाच्या भांड्यापाशी संपावा. प्रत्येक ठिकाणची पातळी मिलिमीटरमध्ये लिहावी, रॅम्पखाली कोणती भर आहे तेही लिहावं. आज आपले छेद जोत्यापासून सुरू होतात, म्हणून खालचं सगळं कोणाच्याच जबाबदारीचं राहत नाही. ठरावात एक ओळ आणखी घालावी: रस्त्यावर पुढे नवा थर चढवायचा असेल तर जुना खरवडूनच, असं महापालिकेला आपण लेखी कळवावं. खर्चाचा आक्षेप येणार, हे माहीत आहे. एका छेदाला ड्राफ्ट्समनची अर्धी दुपार लागते. आणि तो संडास केरसुण्या ठेवायची खोली होऊ नये, त्याची किल्ली शिपायाच्या खिशात जाऊ नये, हे छेदात दाखवता येत नाही. ते दाखला देताना प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागेल.

ठरावाचा मसुदा सूत्रसंचालकांकडे दिला आहे. सुधारणा सुचवायच्या असतील तर जेवताना माझ्याकडे या. दुपारच्या सत्रात तो मताला टाकू.