आधी जमीन ओळखा, मग भाजी लावा

पायदळातला माणूस कुठेही गेला तरी आधी जमीन बघतो. ती कुठे रुतते, पाणी कुठे साचतं, खंदक कुठे खणता येईल. निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो आणि परसात भाजी करायला घेतली, तेव्हा हीच सवय उपयोगी पडली.

इथली माती माळव्याची, काळी. पावसात फुगून चिकट होते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोबाइलवर बघून पुष्कळ जण तिच्यात वाळू आणि चुना घालतात. इथे दोन्ही नकोत. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून ती मोकळी होत नाही, पैसे मात्र जातात. चुना हा आम्ल जमिनीचा उपाय. कोकण, गोवा, केरळ इथल्या जांभ्या मातीला तो चालतो. काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी असते. तिला आणखी चुना दिला, तर मातीत लोह आणि जस्त असूनही रोपाला मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात.

म्हणून तुम्ही देशात कुठेही राहत असाल, तरी आधी टेहळणी करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी भरा, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, चिकण मातीला दिवसही लागतो. कोणता थर किती जाड, ते डोळ्यांना दिसतं. सामू कळण्यासाठी चार-पाच जागची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या.

आता उपाय. तो आमच्या शेजारच्या इंदूरनेच जगाला दिला. तिथल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि 1931 साली त्यावर पुस्तक लिहिलं. खड्डा दोनच फूट खोल, म्हणजे हवा खेळती राहते. त्यात पालापाचोळा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर द्यायचे. ते दाबायचे नाहीत. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची आणि तीन वेळा वरखाली करायचं. तीन महिन्यांत खत तयार होतं. जूनला लागवड करायची असेल, तर खड्डा मार्चच्या सुरुवातीला भरायला हवा. कच्चं शेण थेट वाफ्यात घालू नका, हुमणी आणि वाळवी येते.

मेमध्ये दोन इंच खत वरच्या सहा इंच मातीत मिसळा. गादीवाफा तीन-चार फूट रुंद करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही.

एक नियम मात्र कडक पाळा. ओल्या काळ्या मातीला हात लावायचा नाही. मुठीत दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. फुटला तर कुदळ घ्या, चिकटला तर थांबा. ओली तुडवलेली माती विटेसारखी वाळते आणि त्या हंगामात मुळांना वाट मिळत नाही.

बी दहा रुपयांचं असतं, चुकलं तर पुन्हा आणता येतं. गेलेला हंगाम वर्षभर परत येत नाही. तेव्हा रोपवाटिकेत जाण्याआधी बरणी काढा.

जय हिंद.